सॅन अँटोनिओचा फ्रीझर: हर-टूच्या शोधामागची ट्यूमर बँक

ब्रेस्ट कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की हल्ली नातेवाईकसुद्धा थेट तीन ओळी शोधतात, ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टू, म्हणजे पेशीला वाढायला सांगणारं एक प्रोटीन आणि त्याचा जीन. तिसऱ्या ओळीत ३+, म्हणजे हे प्रोटीन भरपूर, असं लिहिलेलं असलं की मग त्याच प्रोटीनवर बसणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाच्या इंजेक्शनचं बोलणं सुरू होतं, किती सायकल, खर्च किती, हृदयाची टूडी एको कधी करायची वगैरे. ही तिसरी ओळ रिपोर्टवर आली कशी, याची गोष्ट बहुतेक वेळा एका जिद्दी डॉक्टरची आणि एका औषध कंपनीची म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाहीये. पण मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या बायोबँकेत काम करते, म्हणजे ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीचा तुकडा जपून ठेवायचा, त्याला नंबर द्यायचा आणि त्या बाईचं पुढे काय झालं ते वर्षानुवर्षं लिहीत राहायचं, आणि माझ्या जागेवरून ही गोष्ट बघितली की ती सगळी एका फ्रीझरभोवती फिरताना दिसते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा फ्रीझर. हे प्रकरण मी त्या बाजूने मांडतेय, कारण आपल्याकडे आता बऱ्याच ठिकाणी बायोबँक उभ्या राहतायत आणि नेमक्या कुठल्या गोष्टीवर जीव लावायचा हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी परिस्थिती काय होती ते बघू. १९७० च्या दशकात ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रोटीन, आहे की नाही हे कळलं तर हार्मोनचे उपचार कोणाला लागू पडतील याचा अंदाज येतो, हे पक्कं होत गेलं. हे ज्यांनी लावून धरलं त्यांच्यात टेक्सास युनिव्हर्सिटीच्या सॅन अँटोनिओच्या हेल्थ सायन्स सेंटरमधले डॉ. विल्यम मॅकगायर अगदी पुढे होते. पण त्या वेळची टेस्ट आजच्यासारखी स्लाइडवर रंग देऊन होत नव्हती. ताजी गाठ गोठवलेली लागायची, ती द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात कुटून तिची पूड करायची, पूड घोळून सेंट्रीफ्यूजला जोरात फिरवायची, वरचं पाणी घ्यायचं, त्यात किरणोत्सारी इस्ट्रोजेन सोडायचं आणि किती चिकटलं ते मोजायचं. हे प्रत्येक हॉस्पिटलला जमण्यासारखं नव्हतंच. म्हणून ठिकठिकाणचे सर्जन गाठीचा तुकडा गोठवून, ड्राय आइसमध्ये पॅक करून मॅकगायर यांच्या लॅबला पाठवायचे आणि आकडा परत यायचा.

आता इथे एक गोष्ट आपोआप घडली, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. रिसेप्टर हे प्रोटीन फार नाजूक. गाठ टेबलावर तासभर गरम राहिली की रिसेप्टर मरतो आणि आकडा खोटा निगेटिव्ह येतो. म्हणजे सर्जनला स्वतःच्या पेशंटसाठी बरोबर उत्तर हवं असेल तर गाठ पटकन गोठवणं हे त्याच्याच फायद्याचं होतं, त्यासाठी कुठला रिसर्चवाला मागे लागायची गरज नव्हती. टेस्टला लागायची तेवढी पूड वापरून झाली की उरलेली उणे ७०-८० च्या फ्रीझरमध्ये जायची. टेस्टसोबत फॉर्म यायचा, वय, गाठीचा आकार, काखेतल्या किती लिम्फ गाठींत कॅन्सर पोचलाय, रिसेप्टरचा आकडा तर लॅबचा स्वतःचाच. आणि लॅबने त्या पेशंटचं पुढे काय झालं हेही गोळा करायला सुरुवात केली, आजार परत आला का, कधी आला, बाई हयात आहे का. उरलेली पूड आणि वाढत गेलेली वही, एवढंच भांडवल. कोणीतरी ‘चला आपण बँक काढू’ म्हणून काढलेली ती नव्हती, पेशंटच्या रोजच्या टेस्टमधून साठत साठत ती झाली.

मॅकगायर यांनी ७० च्या दशकाच्या शेवटी चार्ल्स कोल्टमन यांच्यासोबत सॅन अँटोनिओत ब्रेस्ट कॅन्सरची एक छोटी सभा सुरू केली, आसपासच्या राज्यांतल्या डॉक्टरांसाठी. आज तीच सभा डिसेंबरमध्ये भरते तेव्हा जगभरातून लोक जातात. मला नेहमी वाटतं की नमुने पाठवणाऱ्या सर्जनना दरवर्षी समोर बसवून ‘तुमच्या नमुन्यांतून आम्हाला हे कळलं’ असं सांगायची सोय झाल्यामुळे पुढचे नमुनेही नीट आले असणार. हा माझा अंदाज आहे, पण आमच्या थिएटरमधल्या सिस्टरना त्यांनी पाठवलेल्या तुकड्यांचं पुढे काय झालं हे एकदा जेवणाच्या सुट्टीत बसून सांगितलं तेव्हा पुढच्या महिन्याच्या डब्यांवरची अक्षरंसुद्धा सुधारली होती, त्यावरून म्हणतेय.

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्नियात जेनेनटेक कंपनीत अॅक्सेल उलरिक हे शास्त्रज्ञ जीन शोधून काढून त्यांच्या प्रती बनवण्यात हातखंडा असलेले, त्यांच्या गटाने १९८५ मध्ये माणसाच्या हर-टू जीनची पूर्ण अक्षरमाळ छापली. त्याच जीनचा उंदरातला भाऊ, न्यू, हा एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या लॅबमध्ये आधीच सापडलेला होता, म्हणून आजही हर-टू/न्यू असं जोडनाव दिसतं. उलरिक यांच्याकडे जीन होते पण ते कुठल्या माणसाच्या कुठल्या आजारात बिघडतात हे बघायला गाठी नव्हत्या. लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये डॉ. डेनिस स्लेमन गाठी गोळा करत होते, त्यांच्याकडे जीनचे प्रोब, म्हणजे ठरावीक जीन शोधून त्याला चिकटणारे डीएनएचे तुकडे, नव्हते. दोघं एकत्र आले, प्रोब आला, आणि काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हर-टूच्या दोनाऐवजी पुष्कळ प्रती दिसायला लागल्या.

इथपर्यंत ही एक छान निरीक्षणाची गोष्ट आहे. पण त्या बाईला याचा काय फरक पडतो? हे कळायला गाठ नुसती असून चालत नाही, गाठीमागची बाई माहीत असावी लागते. आणि तिथे सॅन अँटोनिओ आलं.

जानेवारी १९८७ मध्ये सायन्स या नियतकालिकात जो लेख आला त्याच्या लेखकांत स्लेमन आणि उलरिक आहेतच, पण शेवटचं नाव मॅकगायर यांचं आहे आणि दुसरं नाव गॅरी क्लार्क यांचं, ते मॅकगायर यांच्या गटातले स्टॅटिस्टिशियन. नावांचा हा क्रम बघा जरा. जीन क्लोन करणाऱ्याच्या आधी आकडेवाला बसलाय.

काम दोन टप्प्यांत झालं. पहिल्यांदा १०३ गाठी तपासल्या. त्यांची माहिती होती ती साधी, वय, आकार, रिसेप्टर, काखेतल्या गाठी. त्यात दिसलं की हर-टूच्या प्रती वाढलेल्या असण्याचं नातं काखेत किती गाठींत आजार पोचलाय त्याच्याशी लागतंय. इथे थांबूनसुद्धा एक पेपर झाला असता, आणि मी खरं सांगते, आज आपल्याकडे असं काम असेल तर बहुतेक जण इथेच थांबतील, कारण पुढचं पाऊल टाकायला फॉलोअप लागतो आणि फॉलोअप नसतो. त्यांच्याकडे होता. मग आणखी ८६ गाठी काढल्या, मुद्दाम अशा बायकांच्या ज्यांच्या काखेत आजार पोचलेला होता आणि ज्यांचं पुढे काय झालं ते वहीत लिहिलेलं होतं. या ८६ मध्ये चित्र स्पष्ट झालं, ज्यांच्या गाठीत हर-टूच्या प्रती वाढलेल्या त्यांचा आजार लवकर उलटला आणि त्या लवकर गेल्या, आणि प्रती जितक्या जास्त तितकं हे ठळक. क्लार्क यांनी बाकीचे सगळे घटक हिशेबात धरूनसुद्धा हर-टूचा परिणाम उरला, रिसेप्टरपेक्षाही तो जास्त सांगणारा निघाला. एकूण १८९ गाठी, त्यातल्या साधारण ३० टक्क्यांत प्रती वाढलेल्या, दुपटीपासून वीसपटीच्याही वर.

१८९ हा आकडा मला फार आवडतो. आजच्या हिशेबात तो किती लहान आहे! आज लोक हजारो नमुन्यांच्या गोष्टी करतात. आमच्याकडेही मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो की बँकेत किती नमुने झाले. किती नमुन्यांचा फॉलोअप आहे हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला येतो, कधी येतही नाही. ८६ नीट गोठवलेल्या आणि नीट पाठलाग केलेल्या गाठींनी औषधाची दिशा दाखवली.

पण प्रकरण इथे संपत नाही, खरा धडा पुढच्या दोन वर्षांत आहे.

लेख आल्यावर बऱ्याच लॅब कामाला लागल्या आणि सगळ्यांना तसंच दिसलं नाही. काहींना प्रती वाढलेल्या गाठी खूप कमी सापडल्या, काहींना आयुष्यमानाशी काही संबंधच लागेना. १९८८ मध्ये सायन्सच्याच पानांवर इकबाल अली, रॉबर्ट कॅलहॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड प्रश्न विचारला की हर-टू आणि आक्रमक कॅन्सर यांचं नातं खरंच आहे का, आणि स्लेमन-क्लार्क यांनी तिथेच उत्तर दिलं. बाहेरून बघणाऱ्याला हे दोन गटांचं भांडण वाटेल. माझ्यासारखीला ते गाठ कशी साठवली आणि तिच्यात नेमकं काय होतं याचं भांडण वाटतं.

कसं ते सांगते. प्रती मोजायची तेव्हाची पद्धत सर्दन ब्लॉट. ती करताना तुकडा आख्खा विरघळवून त्याचा डीएनए काढतात, कापतात, जेलवर पळवतात, पडद्यावर उतरवतात आणि किरणोत्सारी प्रोब लावून एक्स-रे फिल्मवर काळा पट्टा बघतात. पट्टा जितका गडद तितक्या प्रती जास्त. पण ब्रेस्टच्या गाठीचा तुकडा म्हणजे नुसता कॅन्सर नसतो, त्यात चरबी असते, दोऱ्यासारखं चिवट पांढरं जाळं असतं, रक्ताच्या पेशी असतात, नॉर्मल नलिका असतात. आता समजा कॅन्सरच्या पेशीत हर-टूच्या १० प्रती आहेत, म्हणजे नॉर्मल २ च्या पाचपट. पण तुकड्यात कॅन्सरच्या पेशी फक्त २० टक्केच आहेत. मग सरासरी काय येणार? ०.२ गुणिले १० म्हणजे २, आणि ०.८ गुणिले २ म्हणजे १.६, एकूण ३.६. नॉर्मलच्या दुप्पटसुद्धा नाही. फिल्मवर तो पट्टा जरासा गडद दिसेल आणि वाचणारा ‘वाढ नाही’ म्हणून लिहून टाकेल. गाठ पॉझिटिव्ह, बाई पॉझिटिव्ह, रिपोर्ट निगेटिव्ह. असं काही नमुन्यांत झालं की आयुष्यमानाचे दोन्ही आलेख एकमेकांच्या जवळ सरकतात आणि खरा फरक पुसला जातो. तुकड्यात गाठ किती टक्के आहे हे आधी स्लाइड काढून बघितलंच नसेल तर कितीही हुशार माणूस पुढे बसवा, उपयोग नाही.

आमच्याकडे हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून इतकं लांबण लावतेय. एकदा एका संशोधक मॅडमना आम्ही साठवलेले नमुने दिले, त्यांनी आरएनए (जीनची पेशीत बनणारी नाजूक नक्कल) काढला आणि बऱ्याच नळ्यांत तो तुटलेला निघाला. शोधत गेलो तर ते सगळे शनिवारचे. शनिवारी थिएटरची लिस्ट लांब असते, माणसं कमी असतात, डबे ट्रेवर पडून राहतात आणि पॅथॉलॉजीचे मामा एकदाच दुपारी सगळे मिळून घेऊन जातात. डब्यावर पेशंटचं नाव होतं, नंबर होता, कुठली बाजू ते होतं, वेळ मात्र नव्हती. गाठ शरीराबाहेर कधी आली आणि नायट्रोजनमध्ये कधी गेली या दोन वेळा कुणीच लिहिल्या नव्हत्या, त्यामुळे कुठला नमुना टाकायचा आणि कुठला ठेवायचा हेसुद्धा ठरवता येईना. तेव्हापासून डब्याच्या झाकणाला एक छोटं लेबल लावतो, ‘बाहेर’ आणि ‘गोठवला’, दोन रकाने, आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ टाकायची, मोबाइलची नाही, कारण सिस्टर निर्जंतुक हातमोज्यांत मोबाइल कसा बघणार. चण्याएवढा तुकडा नळीत टाकून नायट्रोजनमध्ये बुडवला की चुर्र होतं, पांढरी वाफ काठावरून खाली सांडते, मग दुसरा रकाना भरायचा. त्याच गाठीचा शेजारचा तुकडा पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे जातो, त्या स्लाइड बघून गाठीचा टक्का सांगतात आणि तो टक्का नळीच्या नोंदीत चढतो. एवढं झाल्याशिवाय नळीला जागा मिळत नाही.

मे १९८९ मध्ये स्लेमन यांच्या गटाने या वादाला जे उत्तर दिलं ते मला १९८७ च्या लेखापेक्षाही मोठं वाटतं. त्यांनी खूप जास्त गाठी घेतल्या, ब्रेस्टच्याही आणि ओव्हरीच्याही, आणि एकाच गाठीवर चार प्रकारे तपासणी केली. डीएनएसाठी सर्दन, आरएनएसाठी नॉर्दन, प्रोटीनसाठी वेस्टर्न, आणि शिवाय गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडीचा (ठरावीक प्रोटीनला चिकटणाऱ्या रेणूचा) रंग, ज्यात प्रोटीन नेमकं कुठल्या पेशीत आहे ते डोळ्याला दिसतं. मग प्रत्येक पद्धत कुठे फसते हे त्यांनी उघड मांडलं. कुठे नॉर्मल पेशींच्या भेसळीने खरी वाढ झाकली जाते, कुठे प्रती वाढलेल्या नसूनही प्रोटीन भरपूर बनतंय, ते सगळं. आणि ब्रेस्टमध्ये २५ ते ३० टक्के हा आकडा टिकला. या लेखातल्या लेखकांत विल्यम गोडॉल्फिन हे नाव आहे, कॅनडातल्या व्हँकुव्हरचे. ते कोण, तर तिथल्या इस्ट्रोजेन रिसेप्टर लॅबचे! म्हणजे पुन्हा तीच वाट, पेशंटसाठी रोज चालणारी टेस्ट, उरलेला नमुना, आणि नीट ठेवलेली नोंद. व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलच्या त्याच लॅबकडे १९८६ ते १९९२ या काळात आलेल्या गाठींपासून पुढे ४ हजारांहून जास्त पेशंटच्या नमुन्यांचा संच उभा राहिला, ब्रिटिश कोलंबियातल्या कॅन्सर रजिस्ट्रीत त्या बायकांचं पुढचं सगळं नोंदलेलं, आणि तो अगदी अलीकडेपर्यंत ब्रेस्ट कॅन्सरचे उपप्रकार ठरवायच्या कामात वापरला गेलाय. पुरवठ्याला एकदा चांगली व्यवस्था लागली की ती किती पिढ्यांना पुरते बघा.

त्या व्यवस्थेतल्या उणिवाही सांगायला हव्यात. टेस्टला भरपूर मांस लागायचं, त्यामुळे फ्रीझरमध्ये उरायची ती मोठ्या गाठींची पूड, लहान गाठ टेस्टमध्येच संपून जायची किंवा पाठवलीच जायची नाही. म्हणजे बँक मुळातच मोठ्या, वाढलेल्या आजाराकडे झुकलेली. हे माहीत असेल तर हिशेबात धरता येतं, माहीत नसेल तर चुकीचं सगळ्यांना लागू केलं जातं. दुसरं म्हणजे संमती. त्या काळी उरलेल्या नमुन्याबद्दल आजच्यासारखं वेगळं विचारायची पद्धत नव्हती. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत बायोबँकेसाठी वेगळा भाग आहे, आणि मला तो जाच वाटत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या बाईसमोर इंग्रजी छापील कागद सरकवून सही घेणं ही संमती नाही. मी दुपारी जाते, चहाच्या वेळेला, सोबत कोण आहे ते बघते, आणि सांगते की गाठ तशीही निघणार आहे, तपासणीला लागेल तेवढी आधी तपासणीला जाईल, उरली तरच आम्ही ठेवू, आणि नाही म्हणालात तर उपचारात काही फरक नाही. नाही म्हणणाऱ्या असतात. एक आजी म्हणाल्या होत्या की माझं शरीरातलं काही मागे ठेवू नका, सगळं जाऊ दे. नाही ठेवलं.

तिसरी उणीव पुरवठ्याची. ९० च्या दशकात रिसेप्टरची टेस्ट मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या गाठीच्या पातळ कापावर व्हायला लागली, गोठवलेल्या गाठीची गरजच संपली आणि फ्रीझरकडे येणारा ओघ आटला. जे आपोआप मिळायचं ते आता मुद्दाम मागावं लागायला लागलं, म्हणजे माणूस नेमा, पैसे आणा, सर्जनला विनंत्या करा. आज आपण ज्याला शेअर्ड रिसोर्स म्हणतो, एक बायोबँक, एक पॅथॉलॉजी, एक स्टॅटिस्टिक्सचा कक्ष आणि त्यावर चार-पाच संशोधक मिळून काम करणार, त्याची गरज बरीचशी इथून वाढली. अमेरिकेत राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९९२ मध्ये स्पोअर नावाची अनुदानं सुरू केली, एकेका अवयवाच्या कॅन्सरसाठी मोठी अनुदानं, आणि त्यांत नमुने आणि पॅथॉलॉजीचा सामायिक कक्ष असणं ही अट. मॅकगायर त्याच वर्षी गेले.

पुढचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. हर-टूच्या प्रोटीनवर बसणारी उंदराची अँटिबॉडी जेनेनटेकमध्ये बनली, १९९२ मध्ये तिचं माणसाला चालेल असं रूप छापून आलं, सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषध मंजूर झालं. २००१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ४६९ बायकांची ट्रायल आली, आजार पसरलेल्या बायका, नुसत्या केमोने आयुष्य साधारण २०.३ महिने आणि सोबत ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर २५.१ महिने. २००५ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारातही, उलटण्याचा धोका साधारण निम्मा. भारतात बायोकॉनचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, २०१४ च्या सुरुवातीला बाजारात आलं आणि नंतर इतरांचीही आली, त्यामुळे आज सरकारी योजनेतूनही काही बायकांना ते मिळतं.

पण औषध आल्यावर नमुन्याचा प्रश्न सुटला असं वाटत असेल तर नाही. उलट तो प्रत्येक गावातल्या लॅबपर्यंत पोचला. मायकेल प्रेस आणि सहकाऱ्यांनी (गोडॉल्फिन आणि स्लेमन त्यातही आहेत) १९९४ मध्ये एक काम छापलं, माझ्या मते प्रत्येक पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्याला ते शिकवावं. आधी गोठवलेल्या नमुन्यावर सगळ्या पद्धतींनी ज्यांचं खरं उत्तर माहीत झालंय अशा १८७ गाठी घेतल्या, त्यांच्या मेणातल्या कापांवर त्या वेळी मिळणाऱ्या २८ वेगवेगळ्या अँटिबॉडी लावून बघितल्या. खऱ्या पॉझिटिव्ह गाठी किती पकडल्या? एका टोकाला ६ टक्के आणि दुसऱ्या टोकाला ८२. त्याच गाठी, तोच कॅन्सर, बाटली वेगळी. आधीच्या कितीतरी उलटसुलट पेपरांचं गुपित यातच होतं. आणि हे कळलं कशामुळे, तर खरं उत्तर माहीत असलेल्या गाठींचा संच हातात होता म्हणून. तो नसता तर २८ बाटल्यांपैकी कुठली खरं बोलते हे ठरवणार कोण?

२००२ मध्ये अमेरिकेतल्या बी-३१ या ट्रॅस्टुझुमॅबच्या ट्रायलने सुरुवातीच्या नमुन्यांत बघितलं तर बाहेरच्या लॅबनी पॉझिटिव्ह म्हणून पाठवलेल्यांपैकी १८ टक्के मध्यवर्ती लॅबमध्ये पॉझिटिव्ह निघालेच नाहीत. मग २००७ मध्ये तिथल्या ऑन्कॉलॉजी आणि पॅथॉलॉजीच्या संघटनांनी मिळून हर-टू टेस्टचे नियम काढले. आता नियम असा की गाठ निघाल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये (गाठ सडू न देणारं द्रावण), आणि तिथे किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. आपल्याकडे गाठ आख्खीच्या आख्खी डब्यात टाकतात, न कापता. फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, बाहेरून टणक आणि मध्यभागी कच्चं आणि लाल राहतं. तालुक्याच्या ठिकाणाहून कुरिअरने आलेला असा डबा उघडला की वासावरून कळतं. अशा गाठीवर हर-टू निगेटिव्ह आलं तर ते बाईचं उत्तर आहे की डब्याचं, हे आम्ही सांगू शकत नाही. गाठीला मधोमध एक काप द्या आणि गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन घाला, इतकं जरी तिथल्या सर्जननी केलं तरी खूप झालं. घाईत उरलेल्या सलाइनच्या बाटलीत गाठ घालून पाठवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

महाराष्ट्रात कामं होतायत. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात नमुने सांभाळायची मोठी व्यवस्था आहे, पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि आयसर यांनी मिळून ब्रेस्ट कॅन्सरवर ट्रान्सलेशनल, म्हणजे लॅबमधला शोध पेशंटपर्यंत नेणाऱ्या, संशोधनाचं केंद्र चालवलंय, दवाखाना आणि विज्ञानसंस्था एकत्र, जे मॅकगायर आणि स्लेमन यांना दोन राज्यांच्या अंतरावरून करावं लागलं होतं. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात साधारण १ लाख ९२ हजार बायकांना नवा ब्रेस्ट कॅन्सर झाला. गाठींची कमतरता आपल्याला नाही. पैसे आले की फ्रीझर येतो, बारकोडचं मशीन येतं, उद्घाटन होतं. फॉलोअपसाठी फोन करणाऱ्या मुलीचा पगार मात्र प्रोजेक्ट संपला की संपतो आणि पुढच्या प्रोजेक्टपर्यंत रकाना रिकामा राहतो. मधली दोन वर्षं गेली की बाई सापडत नाही, नंबर बदललेला असतो, ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’. सॅन अँटोनिओच्या प्रकरणातून मी आमच्या वरिष्ठांसमोर एकच मागणी नेली होती, फोन करणारं पद कायम करा, फ्रीझर एक वर्ष उशिरा घ्या. पद अर्धवेळ का होईना, झालं.

नंबर घेताना आता आम्ही तीन घेतो. एक तिचा, एक मुलाचा किंवा सुनेचा, आणि एक गावातल्या किराणा दुकानाचा किंवा आशाताईंचा, कारण मुलगा पुण्याला येऊन सिम बदलतो पण दुकान जागेवर असतं. फोन शक्यतो संध्याकाळी सातच्या पुढे, शेतातून घरी आल्यावर. हॉस्पिटलमधून बोलतेय म्हटलं की आधी घाबरतात, म्हणून पहिलं वाक्य ‘काही काळजीचं नाही, तब्येत विचारायला केलाय’ हेच. गेल्या आठवड्यात बार्शीकडच्या एका घरी केला, सून बोलली की आत्याबाई बऱ्या आहेत, फक्त उजवा हात सुजतो, आणि आता गोठ्यात गेल्यात, धार काढायला. मी हात सुजण्यासाठी फिजिओथेरपीच्या मॅडमचा वार सांगितला, हाताला ब्लाउजची बाही घट्ट नको म्हणून सांगितलं आणि रकान्यात तारीख टाकली. चौथं वर्ष, आजार परत नाही.